तुतीचं झाड तेवढं काढा

ऑफिसात त्यांना सगळे ‘दहामिनिटे’ म्हणत. खरं आडनाव वेगळंच, पण घराच्या गच्चीवर सोलर बसेल की नाही हे सांगायला त्यांना दहा मिनिटं पुरत, म्हणून हे बारसं. त्यांनाही ते आवडायचं. गच्चीवर चढायचं, होकायंत्र धरायचं, टेप ताणायचा, सही ठोकायची. तेही सकाळीच, कारण बूट काढून चढावं लागे आणि दुपारी साहेबांच्या तळपायांना चटके बसत. दुपारची सावली सकाळीच सांगणं म्हणजे आपल्या हातचा मळ, असा तोरा.

एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त बाईंच्या गच्चीवर फाटकाजवळच्या तुतीची सावली पडली होती.

“तुतीचं झाड तेवढं काढा, मग फर्स्ट क्लास,” जिना उतरता उतरता ते म्हणाले.

“नक्की ना? आमच्या ह्यांनी लावलंय ते.”

“अहो बाई, वीस वर्षं हेच करतोय!”

महिन्याभराने शेवटची मापं घ्यायला जायचं होतं. त्या दिवशी नेमकी गाडी बंद पडली आणि पोचेपर्यंत तीन वाजले. फाटकाजवळ तुतीचा बुंधा तेवढा उरला होता. बूट काढून ते गच्चीवर गेले, पण चटका बसलाच नाही. मागच्या पाच मजली इमारतीची सावली अर्ध्याहून जास्त गच्ची व्यापून बसली होती. ती इमारत काही महिन्याभरात उगवली नव्हती. यांनीच कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

बसवून टाकू, बाईंना काय कळतंय, असं क्षणभर मनात आलं. मग त्या विचाराचीच एवढी लाज वाटली की त्यांना जिना उतरवेना.

शेवटी खाली येऊन ते म्हणाले, “बाई, इथे सोलर चालणार नाही. दुपारनंतर ऊनच नाही. झाड उगाच तोडायला लावलं मी तुम्हाला. चूक माझी आहे.”

बाईंनी फाटकाजवळच्या बुंध्याकडे पाहिलं.

“मला वाटलं, तुम्ही नीट पाहिलं असेल,” त्या एवढंच म्हणाल्या.

दहामिनिट्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बसा, पाणी आणते.” आल्यागेल्याला जिथे बसवायच्या तिथेच, सवयीनं, त्यांनी बुंध्याशेजारी खुर्ची ठेवली आणि आत गेल्या.

तिथे रखरखीत ऊन होतं. दहामिनिटे मुकाट्याने बसले. खुर्ची सरकवायची त्यांची हिंमत झाली नाही.