गव्हाणीच्या फाटकाची किल्ली

माझ्या वडलांचा उजवा हात चरकात गेला तेव्हा मी मराठी शाळेत होतो. बावड्याजवळच्या एका गुऱ्हाळावर ते चरकात ऊस लावायचं काम करीत. एक दिवस सदऱ्याची बाही उसाबरोबर आत ओढली गेली. माणसं बैलांना थांबवायला "हो, हो" म्हणून ओरडली, पण बैल लयीत आलेले. ते आणखी अर्धा फेरा चालले आणि मग थांबले. हात जायला अर्धा फेरा पुरतो.

त्यानंतर आमच्याकडं नांगराचं रुमणं आईनं धरलं. बाईमाणसानं नांगर धरू नये, असं लोक सांगायला आले. आई म्हणाली, "मंग तुमी या धरायला." कुणी आलं नाही. ज्वारी संपली की आम्ही हुलग्याच्या माडग्यावर दिवस काढायचो. शेजारच्यांना सांगायचो, आज पोटाला बरं नाही म्हणून माडगं केलंय.

त्या घरातून मी पुण्याला कॉलेजात गेलो. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करून राहिलो आणि विजेच्या शाखेचा इंजिनिअर झालो. आमच्या भावकीत माझ्याआधी कुणी मॅट्रिकपर्यंतही पोचलं नव्हतं. हे मी सांगत फिरतो, आणि त्यात मला लाज वाटत नाही.

नोकरी लागली ती बारामतीच्या बाजूला नव्यानं उभ्या राहिलेल्या एका साखर कारखान्यात. गाड्यांतला ऊस ज्या सरकत्या पट्ट्यावर पडून चरकाकडं जातो, त्याला गव्हाण म्हणतात. ऊस आडवा अडकला की माणूस गव्हाणीत उतरून कोयत्यानं तो मोकळा करी. पट्टा चालू करायचं बटण मात्र वरच्या मजल्यावर, आणि तिथून आतला माणूस दिसायचा नाही. सगळा कारभार आरोळीवर. पहिल्याच आठवड्यात मी हे बघितलं.

मोठ्या साहेबांकडं गेलो. म्हटलं, गव्हाणीला फाटक करू, फाटक उघडलं की मोटार बंद पडली पाहिजे. दोन्ही अंगांना दोरी बांधू, ती कुणीही ओढली की पट्टा थांबला पाहिजे.

साहेब म्हणाले, "गव्हाण थांबली की सगळा कारखाना थांबतो, हे ठाऊक आहे ना? संक्रांतीपर्यंत चालवून बघा. उगाच थांबायला लागली, तर मी सगळं उपटून टाकीन."

मी फाटकाला आणि दोऱ्यांना विजेचे खटके बसवले आणि ते सगळे एकाच तारेत माळेतल्या मण्यांसारखे ओवले. सगळे जागेवर बसलेले असतील तरच मोटारीला वीज. वायरमनला ते पटेना.

"पर सायेब, तार तुटली तर गव्हाण उगंच बंद पडंल की."

"पडू दे. तार तुटल्याचं कळलंच नाही आणि दोरी ओढूनही पट्टा चालूच राहिला, तर काय करशील?"

त्यानं पक्कड उचलली. पण पहिल्याच दिवशी कुणीतरी त्या दोरीवर ओलं धोतर वाळत घातलं आणि गव्हाण थांबली. साहेबांनी वरून माझ्याकडं असं बघितलं, की वाटलं, संक्रांत आजच आली.

दोरीचं पुढं सगळ्यांना कळलं. फाटकाचं मात्र जमेना. एका सकाळी बघतो तर फाटक सताड उघडं आणि पट्टा चालू! फाटकाच्या खटक्यात उसाचं कांडं ठोकून वरून पाचट गुंडाळलेलं. गव्हाणीचे मुकादम आबा, वयानं वडलांएवढे, शेजारीच तंबाखू मळत उभे.

"धाकलं सायेब, तुमचं फाटक लई सोवळं हाय. जरा हात लागला की बसतंय रुसून."

सगळी पाळी हसली. मी कांडं उपटलं. दुसऱ्या दिवशी नवं कांडं हजर.

मग मी खटकाच काढला. कारखान्याच्या फिटरकडून फाटकाला कुलूप करून घेतलं आणि शेजारी विजेची कळ बसवली. दोन्हीला मिळून किल्ली एकच. कळ बंद केल्याशिवाय किल्ली निघायची नाही, आणि किल्लीशिवाय फाटक उघडायचं नाही. किल्ली आबांच्या हातात दिली, तर ते ती घेईनात.

मी विचारलं, "आबा, मोटंच्या विहिरीत गाळ काढायला उतरता तेव्हा जुवाची शिवळ कुठं असते?"

शिवळ म्हणजे बैलाच्या मानेशी बसणारी जुवाची खुंटी. ती नसली तर बैल जुंपता येत नाहीत. आमच्याकडं विहिरीत उतरणारा ती बरोबर घेऊनच उतरायचा.

"उतरनाऱ्याच्या कमरंला. दुसरीकडं कुठं आसंल?"

"का? वरच्या माणसावर भरवसा नाही?"

"भरवसा हाय की. पर जीव आपला हाय न्हवं?"

"मग ही किल्ली म्हणजे शिवळच."

आबांनी किल्ली हातात उलटीपालटी केली. "आदी का न्हाय सांगितलं? आमाला वाटलं, कोन किती येळ आत बसतंय त्येच्यावर पाळत ठेवाया फाटक केलंय."

त्या दिवसापासून उसाचं कांडं दिसलं नाही.

संक्रांत दोन-चार दिवसांवर आली असेल. पाळी बदलत होती. ऊस अडकला म्हणून आबा स्वतः आत उतरले होते. वर नव्या पाळीचा माणूस आला, त्यानं बटण दाबलं. पट्टा हलेना. त्यानं पुन्हा दाबलं. तेवढ्यात मोठे साहेब तिथं पोचले, त्यांनी स्वतः दाबलं आणि माझ्या नावानं ओरडतच खाली आले, "बघा, पडलं बंद! आजच काढा हे लफडं!"

आम्ही दोघं फाटकाशी गेलो. फाटक उघडं. आत आबा मांडीभर उसात उभे, किल्ली कमरेच्या करगोट्याला.

"कोन वरडतंय? आलो की! इक्ती घाई आसंल तर सायबांनीच उतरावं कोयता घिऊन."

साहेबांनी वरच्या मजल्याकडं बघितलं, मग आबांकडं. टोपी काढली, कपाळ पुसलं. मग मला म्हणाले, "चरकाच्या जिन्यालाही असंच फाटक करा. सामान काय लागेल ते सांगा."

मी त्या कारखान्यात होतो तोवर गव्हाणीत उतरलेला प्रत्येक माणूस धडधाकट वर आला. ते वायरिंग मी केलेलं होतं.