बाळंतिणीसाठी मरळ

गारखेड्यातून गाडी काढली तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, पोटावर टाके, अंगात त्राण नाही, आणि अख्ख्या बाजारात मरळ नाही! आमच्याकडे बाळंतिणीला मरळीचं कालवण देतात. टाके लवकर भरून येतात म्हणतात. बाजारात मात्र जिकडे बघावं तिकडे बर्फातली रोहू. एक मासेवाला तर वर मलाच म्हणाला, "रोहू काय वाईट आहे?" वाईट नसेल बाबा, पण माझ्या लेकीला मरळ हवी ना! शेवटी म्हटलं, जाऊ द्या, फुलंब्रीच्या पुढं तळं आहे, आपणच पकडून आणू. वाळूजच्या कंपनीला सुट्टी होती आणि जुना गळ माळ्यावर पडलेलाच होता.

मरळीसाठी गळाला जिवंत बेडूक टोचतात. ते माझ्याच्यानं होत नाही. म्हणून वाटेत गळाच्या दुकानात नकली आमिष (रबराचे, प्लॅस्टिकचे मासे नि बेडूक) घ्यायला थांबलो. दुकानदारानं मोबाइलवर व्हिडिओ लावला. कुठल्याशा परदेशातलं तळं, काठाला बर्फ, कानटोप्या घातलेली माणसं.

"चाचा, थंडी जातेवक्त मछली नीचे बैठती. ये भारी वाला लेव," असं म्हणून त्यानं शिशाच्या डोक्याचा चंदेरी मासा माझ्या हातात ठेवला.

"अहो, इथं फाल्गुनातच टाळकं भाजून निघतंय. कुठली आली थंडी?"

तेव्हा कुठं नाइलाजानं त्यानं हिरवा रबरी बेडूक काढला. "तो ये बी लेव. मछली भूकी हो न हो, टूट पडती." मी दोन्ही घेतले.

फुलंब्रीत भजी खाल्ली. कालचीच, पुन्हा तेलात बुडवून काढलेली. तसं बोललो तर हॉटेलवाला म्हणतो, "गरम हायेत ना काका?" गरम होती, हे खरं. गिळली कशीबशी.

तळ्याचं पाणी बरंच उतरलं होतं. काठानं बेशरम (जांभळ्या फुलांचं, कुठंही माजणारं झुडूप) पाण्यात शिरलेलं. चंदेरी मासा फेकला. तो दगडासारखा तळाला गेला आणि बेशरमाच्या मुळांत अडकला. ओढला तर दोरी तुटली. त्या दुकानदाराच्या नावानं मी तळ्याकाठी जे बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग रबरी बेडूक लावला. याचे काटे पाठीला चिकटून वर वळलेले, त्यामुळे झुडपातूनही सुळकन निघायचा. पण मासा फिरकेल तर शपथ! तेवढ्यात थोडं पुढं पाण्यावर एक लालसर डाग थरथरताना दिसला. निरखून पाहिलं तर माशाची बारीक पिल्लं, शेकडो. पिल्लं आहेत तिथं मोठा मासाही असणार, म्हणून मी बेडूक नेमका त्यांच्या मधोमध टाकला. पाणी फुटलं! असा हिसका बसला की खांदा निखळायचा राहिला. हातभर लांब, काळीभोर मरळ. काठावर ओढली आणि मी एकटाच ओरडलो, "आली रे आली!"

"ओ दादा! सोडा तिला!"

काठाला म्हैस धूत असलेली बाई तरातरा चालत आली. "पिल्लावाली हाय ती. लाल पिल्लं दिसली की आमच्या गावात तिथं कुणी गळ टाकत नाय."

"मावशी, माझी लेक बाळंतीण आहे घरी! तिच्यासाठीच आलोय."

"आन् ही कोण हाय मंग?"

माझा पारा चढला. गाव तुमचं, तळं तुमचं, पण पकडली कुणी? "माशाला कसली आलीय माया?" मी म्हणालो.

"माया नसती तर रबर चावलं असतं व्हय? लई भूक लागली म्हणून नाय धावली ती. तुमी तिच्या लेकरांत हात घातला."

खरंच बोलत होती, म्हणून तर जास्त राग आला. काटा काढताना मरळीनं माझं बोट फाडलं. पाण्यात सोडली तर वाटलं, पळेल. पळाली नाही. सरळ त्या लाल डागाखाली जाऊन थांबली. "जा बाई," मी चिडूनच म्हणालो, पण मरळ केव्हाच पिल्लांपाशी पोचली होती.

घरी आलो तर बायको दारातच. "एवढ्या उन्हात गेलात आणि हात हलवत आलात?" मी सगळं सांगितलं. ती कपाळावर हात मारून आत गेली. दिवसभरात कुणाकुणावर चिडलो होतो मी! मासेवाला, दुकानदार, भजीवाला, ती मावशी. ज्या बिचारीला चिडायचा खरा हक्क होता, तिच्याकडं मात्र कालवण म्हणून बघत होतो.

आतल्या खोलीत बाळ रडत होतं. लेक उठू पाहत होती, टाक्यांनी कळवळली. बाळाला घेऊ या म्हणून मी वाकून हात पुढं केले, तोच ती एकदम अंगावर आली. अंगात त्राण नसलेली पोरगी, पण आवाज असा की मी दचकून मागं सरलो.

"पप्पा! आधी हात धुवून या! गळाचे हात लावता होय बाळाला?"

मी मुकाट्यानं मोरीत गेलो आणि घासून घासून हात धुतले.