चपला आणि आशा दाराबाहेर

आमच्या मॅडमच्या प्रयोगशाळेत शिरताना दोन गोष्टी बाहेर काढाव्या लागत. चपला आणि आशा. चपलांसाठी दाराशी लाकडी फळी होती. आशेसाठी मॅडम स्वतः उभ्या असत. औषध कंपनीचा कुणी शेठ पेढ्यांचा पुडा घेऊन आला की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "पेढे घरी न्या. माझ्या पेशी आशेवर वाढत नाहीत." शेठ हसून म्हणायचा, "बेन, आशा तो राखवी पडे ने!" मॅडम म्हणायच्या, "ठेवा की. पण फळीवर."

इमारतीतले जरीवाले, दलाल सगळे त्यांना 'व्हायरसबेन' म्हणत. पुण्यात विषाणूंवर बरीच वर्षं काम करून त्या सुरतेत आल्या होत्या. ज्या कंपन्यांकडे विषाणू सांभाळायची सोय नव्हती, त्या आपली औषधं तपासायला आमच्याकडे पाठवत. सुरतेत प्लेग येऊन गेल्यावर तर लोक जिना चढायलाही भ्यायचे. "अहीं प्लेग छे?" असं एका म्हातारीनं विचारलं, तेव्हा मॅडम थकल्या आवाजात म्हणाल्या, "नाही हो बा, तो माझ्या दुकानात मिळत नाही."

मी आठवीत शाळा सोडलेली. शहाद्याकडून लग्न होऊन सुरतेच्या लिंबायत भागात आले, नवऱ्यासोबत कापडाच्या लूमवर कामाला गेले आणि कापसाच्या धुळीनं माझी छाती भरली. कुणीतरी सांगितलं, एका बाईंना काचेची भांडी धुणारी हवी आहे. मॅडमनी शिक्षण विचारलं नाही. पेला दिला, म्हणाल्या, "धू." मी धुतला. त्यांनी त्यात पाणी घेतलं आणि एक घोट प्यायल्या. "साबण लागतोय. उद्या परत ये." दुसऱ्या दिवशी पेला रिकामा करून त्यांनी ओठ पुसले. "कामाला लाग, कमल." बाटलीत साबणाचा अंशही राहिला तर पेशी मरतात, हे मला पुढे कळलं. तोवर मी रोज घाबरत धुवायची आणि रोज देवाचे आभार मानायची.

विषाणू एकटा वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. म्हणून बाटल्यांच्या तळाशी पेशींचा पातळ थर वाढवायचा आणि त्याला ठरल्या वेळी खाऊ घालायचं. दिवाळी असो, बंद असो. मॅडम त्याला 'गोठा' म्हणत. "गाईला सांगता येतं का, आज रविवार आहे?" दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागे. मी म्हणायची, "मॅडम, घरी जाऊन पडा जरा." त्या डोळे न उघडता म्हणत, "घरी कोण आहे? इथं निदान गोठा आहे."

तपासणीला चार बाटल्या लावत. एक साधी, तिला काहीच द्यायचं नाही. एकीत नुसता विषाणू. एकीत नुसतं औषध. चौथीत दोन्ही. सगळ्यांची नजर चौथीवर असे. मॅडम मात्र आधी साधी बघत, मग औषधाची, आणि चौथी सगळ्यांत शेवटी. "मजेची गोष्ट शेवटी बघावी, नाहीतर बाकीच्या दिसतच नाहीत," असं त्या म्हणत.

सुरतेजवळच्या पलसाण्याचे एक शेठ कापड रंगवण्याच्या धंद्यातून औषधात उतरले होते. ओठावर फोड आणणाऱ्या विषाणूवर त्यांनी पाल्याचा अर्क काढला होता. आमचं बहुतेक काम त्यांचंच होतं. ते राहिले तर प्रयोगशाळा राहणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चौथ्या बाटलीत विषाणूचा मागमूस नाही, एवढं त्यांना कळलं आणि ते सुरती मिठाईचा, घारीचा डबा घेऊनच आले. मॅडमनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि नुसत्या औषधाची बाटली दाखवली. त्यातल्या सगळ्या पेशी मेल्या होत्या.

"शेठ, तुमच्या औषधानं आधी घरातली माणसंच मारली. मग चोराला घरात करायला काय उरलं?"

शेठचा चेहरा उतरला. "तमे एटलुं ज लखो के व्हायरस न मळ्यो. खोटुं तो नथी ने?"

"विषाणू सापडला नाही, एवढंच लिहिलं तर खोटं नाही. अर्धं आहे. अर्धं मी लिहीत नाही. अर्क पातळ करून पुन्हा लावू."

पुन्हा लावलं. ज्या दिवशी निकाल बघायचा होता, त्या सकाळी मी धुतलेल्याच बाटल्या पुन्हा धुतल्या. मी विचारलं, "मॅडम, हे शेठ गेले तर आपलं काय?"

"आपलं वाईट होईल," त्या म्हणाल्या. "चहा टाक. आलं जास्त घाल."

अर्क पातळ केल्यावर पेशी वाचल्या, तसा विषाणूही वाचला. मॅडमनी दोन्ही लिहिलं. शेठनी काम दुसरीकडे नेलं. डबा मात्र परत नेला नाही. मॅडमनी घारी चार तुकड्यांत कापली, एक मला दिला, म्हणाल्या, "माणूस वाईट नाही गं. त्याला घाई आहे."

मग बाकीचं कामही आटलं. बंद करायच्या दिवशी सगळ्या बाटल्या वाफेच्या मोठ्या भांड्यात घालून त्यांतल्या पेशी मारायच्या होत्या. मॅडमनी सकाळी नेहमीसारखं सगळ्यांना खाऊ घातलं. मी म्हटलं, "आता कशाला?" त्या म्हणाल्या, "उपाशी नाही पाठवायचं." झाकण लावल्यावर खुर्चीत बसल्या, आणि पहिल्यांदा मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

माझ्या नोकरीसाठी मला सोबत घेऊन त्या एका दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी माझं शिक्षण विचारलं. मी मान खाली घातली. मॅडमनी पेला मागवला, माझ्याकडून धुऊन घेतला आणि त्यांच्यासमोर पाणी प्यायल्या. "आठवी झाली आहे," त्या म्हणाल्या, "आणि हे येतं." डॉक्टर हसले. दुसऱ्या दिवसापासून मी तिथं आहे, अजून आहे.

मॅडम पुण्याला निघाल्या, त्या दिवशी बसपाशी मी त्यांची पिशवी धरून उभी होते. निकालाच्या दिवशी विचारावं तसं घाबरत विचारलं, "मॅडम, परत याल ना?" मला वाटलं, चष्म्यावरून बघतील. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"चपला घातल्यात ना?"

"हो."

"मग आपण बाहेर आहोत. इथं आशा ठेवलीस तरी चालेल."

त्या परत आल्या नाहीत. मी अजून ठेवते. संध्याकाळी कामावरून सुटले, दवाखान्याच्या दारातल्या फळीवरच्या चपला पायांत सरकवल्या, की मगच.