चावलेला रिमोट

आमची आत्या चोरीचा माल घेते.

हे मी म्हणत नाही, तळमजल्यावरच्या काकू म्हणतात. काकूंची म्हणण्याची रीतही ठरलेली आहे. आधी डावीकडे बघायचं, मग उजवीकडे, मग तोंडावर हात धरायचा आणि वरच्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजायचं. "माणसं येतात हो पिशव्या घेऊन. येताना भरलेल्या, जाताना रिकाम्या! भर दुपारी पडदे बंद. आणि आतून आवाज काय, तर टुईं टुईं टुईं! मला बाई यात काही सरळ दिसत नाही."

आता खरं काय ते ऐका. पिशव्यांचं खरं आहे. त्यांतून जुने व्हिडिओ गेम येतात, टीव्हीला जोडायचे ते, आत्या ज्यांना सरसकट 'डबे' म्हणते. पडदे बंद असतात, कारण उन्हानं जुनं प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि पिवळ्या डब्याचा भाव उतरतो. टुईं टुईं म्हणजे एक चौकोनी माणूस खड्ड्यात पडतो त्याचा आवाज. काकू ऐकतात तेव्हा तो बहुतेक माझ्याच हातून पडत असतो. राहता राहिली चोरी. तर ज्याला चोरीचा डबा खपवायचा असेल त्यानं कुठंही जावं, आत्याचं दार तेवढं वाजवू नये.

कारण संशय हा तिचा छंद नाही, नोकरी आहे. एका मोठ्या दुकानात, सरकत्या जिन्याच्या मागच्या बाजूला, जिथं लोक घेतलेली वस्तू परत करायला येतात त्या काउंटरवर आत्या बसते. लोक शर्ट आणतात आणि म्हणतात, "घातलाच नाही हो, घडीसुद्धा मोडली नाही." आत्या शर्ट उजेडात धरते, कॉलर नाकाशी नेते आणि अगदी मऊ आवाजात म्हणते, "बरं. आणि?"

बस, एवढंच. पुढं ती काही बोलत नाही, बघत राहते. समोरचा आधी हसतो, मग घड्याळ बघतो, मग सांगायला लागतो. "म्हणजे, अंगाला लावून बघितला फक्त." "आणि?" "मेहुणीचं लग्न होतं, तेवढ्यापुरता..." "आणि?" "आणि जरा नाचलो."

हे 'आणि' मी हुबेहूब काढते. एकदा बाबांवर चालवून बघितलं, तर गाडी मागं घेताना माझी सायकल चाकाखाली कोणी आणली ते बाहेर आलं. मी तर विचारलंही नव्हतं.

घरी आल्यावरही आत्याचं काउंटर चालूच असतं. डबा आला की ती आधी तो उलटा करते. स्क्रूंच्या खाचा झिजल्यात का, म्हणजे कोणी आत हात घातलाय का? खालचा नंबर आणि खोक्यावरचा नंबर एकच आहे का? वास घेते. दमट घरातला डबा, सिगारेटवाल्या घरातला डबा, मांजरवाल्या घरातला डबा, सगळे तिला वेगळे कळतात. मग विकणाऱ्यालाच सांगते, "जोडा आणि चालू करून दाखवा." कारण प्रत्येक जुन्या डब्याला एक खोड असते. एखाद्याचं बटण तिरकं दाबावं लागतं, एखाद्याची वायर अंगठ्यानं धरून ठेवावी लागते. ती खोड खऱ्या मालकाच्या हाताला पाठ असते. ज्यानं उचलून आणलाय तो नुसता शोभेच्या वस्तूसारखा उभा राहतो.

आणि भाव? डबे जमवणारे लोक भावासाठी आत्याकडे येतात, त्याचं कारण साधं आहे. तिचा भाव दोन्ही बाजूंनी एकच. "ज्या भावाला मी घेईन, त्याच भावाला मी आत्ता विकायलाही तयार असले पाहिजे. नसेन, तर मी लबाडी करतेय." याच्यावरही लोकांना संशय येतोच. एवढी सरळ बाई म्हणजे यात काहीतरी असणार, असं म्हणून दोन गल्ल्या पलीकडे विचारतात आणि तोंड पाडून परत येतात.

तिच्या खोलीत भिंतभर लोखंडी मांडणी आहे आणि तिच्यावर डबे ओळीनं बसलेत. मधल्या फळीवर मात्र एक जागा रिकामी. तिथं आत्या फडकंसुद्धा ठेवू देत नाही. ती जागा 'लालटोपी'ची. लाल झाकणाचा हा डबा बाजारात जेमतेम आला आणि काढणारी कंपनीच बुडाली, त्यामुळे आता खेळायच्या दोन्ही रिमोटांसकट चालू लालटोपी कोणी बघितली असं सांगितलं तरी आत्या म्हणते, "बरं. आणि?" बाबा त्या जागेकडे बघून चिडवतात, "तिथं एक कुंडी ठेव, बरी दिसेल." आत्या म्हणते, "दादा, तू डब्यांबद्दल बोलू नकोस." मग बाबा पेपर उघडतात. लहानपणी त्यांच्या घरात एक डबा होता. पहिला रिमोट कायम बाबांचा, दुसरा आत्याचा. आणि एक दिवस बाबांनी तो डबा मित्राला देऊन त्याच्याकडून स्केटिंगचे बूट घेतले. "तू लहान होतीस, तुला काय विचारायचं?" हे बाबांचं आजही म्हणणं आहे. आत्याचं म्हणणं ती फक्त डोळ्यांनी सांगते.

तर त्या रिकाम्या जागेचा मालक एका रविवारी दारात आला. म्हणजे लालटोपी आली, आणि तिला घेऊन एक गृहस्थ आले. शर्टाला अशी इस्त्री की बाही वाकवली तर कडकन मोडेल. आम्ही त्यांचं नाव कडक इस्त्री ठेवलं.

"जुनं घर रिकामं करतोय," ते म्हणाले. "अडगळ आहे नुसती. ऐकलं, तुम्ही घेता." आणि त्यांनी जो आकडा सांगितला तो इतका कमी होता की मी खोकले. आत्या खोकली नाही. महाग माल तिला चालतो, स्वस्त माल बघितला की तिची एक भुवई वर जाते.

तिनं डबा उलटा केला. स्क्रू कोरे करकरीत, नंबर जुळले. वास घेतला, कापूर आणि जुनं कपाट. मग तिनं लाल झाकणावर हात ठेवला, आणि तो जरा जास्तच वेळ तिथं राहिला. मी बघितलं. आत्याला तो डबा हवा होता, अगदी पोटातून हवा होता.

"जोडून दाखवा."

कडक इस्त्रींनी जोडला. कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारली, जशी त्या पिढीतले सगळे मारतात आणि आत्या डोळे मिटून घेते. मग झाकणाच्या उजव्या कोपऱ्यावर बोटानं टिचकी मारली. चित्र आलं. मी आत्याच्या कानात म्हटलं, "खोड माहीत आहे. मालकच आहे. घे ना!"

आत्यानं पिशवीतून दोन्ही रिमोट काढले. पहिल्याची बटणं झिजलेली. दुसऱ्याची त्याहून झिजलेली. दुसऱ्याच्या वायरीला गाठ, आणि कडेला बारीक खळगे, एकाशेजारी एक.

"दुसरा कोण खेळायचं?"

"कोणी नाही. मी एकुलता एक."

"बरं. आणि?"

"मित्र यायचे कधीमधी."

"मित्र रिमोट चावत नाहीत," आत्या म्हणाली. "चावतो तो घरातला."

कडक इस्त्रींचा चेहरा शर्टासारखा झाला. "मॅडम, भाव पाडायचाय तर सरळ सांगा. आधी ऐकलं होतं मी तुमच्याबद्दल. तळमजल्यावर एक बाई भेटल्या, त्यांनी सावध केलंच होतं."

"भाव पाडत नाही. तुम्ही मागताय त्याच्या चौपट याची किंमत आहे."

कडक इस्त्री आत्याकडे असे बघायला लागले, जणू तिनं त्यांच्या खिशात हात घातलाय. "हे तुम्ही मला का सांगताय?"

"विचारलंत म्हणून."

"मी नाही विचारलं! कोणी सांगितलं तुम्हाला? कोण येऊन गेलं माझ्या आधी?"

"कोणी नाही. दुसऱ्या रिमोटचा मालक घेऊन या. दोघं हो म्हणालात तर आत्ता सांगितला तोच भाव, रोख."

त्यांनी डबा पिशवीत कोंबला, वायरी बाहेर लोंबत्या तशाच, आणि जिना उतरले. आत्या दारात उभी राहून पावलांचा आवाज ऐकत होती. तळमजल्यावर पावलं थांबली, आणि काकूंची ती प्रसिद्ध कुजबूज सुरू झाली.

"गेला," मी म्हटलं. "आता दुसऱ्याला विकेल. कशाला बोललीस? आणि कशावरून माणसाचे दात? कुत्रा असेल."

"कुत्रा रिमोट खाऊन टाकतो. हे कोणीतरी घाबरून चावलंय, हरायच्या बेतात असताना. आणि पोर लहान होतं."

"लाव पैज. दुसरं कोणी नाहीच. असलंच तरी येणार नाही."

"काय लावतेस?"

आत्याकडे खेळताना पहिला रिमोट कायम माझा असतो. मी पाहुणी आणि लाडकी, म्हणून. मी छाती पुढं काढून म्हटलं, "हरले तर यापुढं दुसरा रिमोट माझा. जन्मभर!"

"घेतली," आत्या म्हणाली, आणि हसली नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. काकूंची गोष्ट वाढत चालली. आता तिच्यात एक सभ्य गृहस्थ होते, ज्यांना आत्यानं घरात बोलावून चोर ठरवलं होतं. दुधाच्या पिशव्या घेताना लोक आत्याकडे बघून जरा थांबायचे. आत्या कामावरून यायची, चपला काढायची आणि फोन बघायची. एकदा ती फडकं घेऊन आली आणि मधल्या फळीवरची रिकामी जागा पुसायला लागली. पुसत पुसत म्हणाली, "कुत्राच असेल गं. मला सगळीकडे काहीतरी दिसतं. त्या माणसाचं खरंही असेल." जगातल्या सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर आता तिनं स्वतःला काउंटरवर उभं केलं होतं. मी पैज जिंकत होते आणि मला मजा येत नव्हती.

मग बेल वाजली. दारात एक बुटकी बाई, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकलेलं, नाकपुड्या फुललेल्या. तिच्यामागं पिशवी धरून कडक इस्त्री, इस्त्री पार उतरलेली.

"तुम्हीच का त्या?" बाई म्हणाली. "मी तुमच्याकडे आले होते म्हणे! कधी आले होते हो मी?"

"कधीच नाही," आत्या म्हणाली.

"ऐक!" बाई मागं वळली. "फोन करून काय म्हणतो माहितीये? 'तू त्या बाईचे कान भरलेस. डबा विकतोय हे तुला कसं कळलं?' अरे, तू फोन केलास तेव्हा कळलं! त्याआधी चार वर्षं तोंड तरी बघितलं होतं का आपण एकमेकांचं?"

म्हणजे झालं होतं ते असं. दुसरा रिमोट आत्यानं ओळखला कसा, हे कडक इस्त्रींना पटेना. त्यांना वाटलं, बहिणीनंच आधी येऊन सांगून ठेवलं. म्हणून ते तिच्याशी भांडायला गेले, आणि भांडता भांडता सगळं स्वतःच्याच तोंडानं ओकले. आत्यानं दहा वेळा 'आणि?' विचारलं असतं तरी एवढं बाहेर पडलं नसतं.

आत्यानं दोन्ही रिमोट टेबलावर ठेवले. बाईनं न बघता दुसरा उचलला. "ही गाठ माझी. हा हरायला लागला की म्हणायचा, तुझा रिमोट चांगलाय, दे इकडे. म्हणून खूण केली."

"आणि हे खळगे?"

बाई लाजली. "शेवटचा राक्षस आला की व्हायचं तसं."

आत्या ती आत्याच. तिनं रिमोट उजेडात धरला आणि म्हणाली, "जरा हसता का?"

"ते दात केव्हाच पडले हो! दुधाचे होते!"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

मग दोघं खेळायला बसले. भांडण मिटलं वगैरे काही नाही, भांडतच खेळले. "तू मध्ये येतोस!" "तू उडी मारत नाहीस!" भावानं झाकणाला टिचकी मारली, राक्षस आला, आणि बहिणीचा रिमोट हळूहळू तोंडाकडे जायला लागला. तेव्हा आत्यानं घसा खाकरला. तिनं आपला आकडा पुन्हा सांगितला, होता तोच. आवाज साधा होता, पण हात मांडणीच्या मधल्या फळीवर होता.

कडक इस्त्री म्हणाले, "मला चालेल."

बाई म्हणाली, "मलाही चालेल." मी फळीकडे बघितलं. "याच भावानं मी घेते. तुझा अर्धा हिस्सा तुला देते, डबा माझा."

"अर्धा? पहिला रिमोट माझा होता!"

"डबा आईनं दोघांना आणला होता. विचार यांना. सांगा हो, अर्धा की नाही?"

दोघांनी आत्याकडे बघितलं. ती नाही म्हणू शकली असती. 'दोघं हो म्हणालात तर मी घेईन' असंच ठरलं होतं, आणि दोघं तर हो म्हणालेच होते. तेवढ्यावर बोट ठेवलं असतं तर डबा फळीवर होता. आत्यानं फळीवरचा हात काढून घेतला.

"अर्धाच," ती म्हणाली. मग तिनं वायरी नीट गुंडाळल्या, गाठ मात्र सोडली नाही, आणि बाईला बजावलं, "उन्हात ठेवू नका. आणि कॅसेटमध्ये फुंकू नका, आत गंज धरतो."

ती दोघं जिना उतरली. तळमजल्यावर पावलं थांबली नाहीत, पण काकूंचं दार किर्र वाजलं. दुसऱ्या दिवसापासून इमारतीत नवी बातमी आहे: आत्या आता चोरीचा माल नुसता घेत नाही, विकतेसुद्धा! काकूंनी स्वतः पिशवी बाहेर जाताना बघितली. भरलेली!

मधल्या फळीवरची जागा अजून रिकामी आहे. बाबा परवा येऊन तिच्यासमोर उभे राहिले, पण कुंडीचं काही बोलले नाहीत.

आणि मी पैज हरले. आत्यानं पहिला रिमोट आपल्याकडे ओढून घेतला तो असा, जणू लहानपणापासून त्याचीच वाट बघत होती. दुसरा माझा, जन्मभर. त्याच्या वायरीला मी लगेच गाठ मारून ठेवलीय, कारण हरायला लागली की ही बाई काय करेल याचा भरवसा नाही. काल शेवटचा राक्षस आला तेव्हा पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "तोंडातून काढ. भाव पडतो."