शिट्टीसकट लेक्चर

शिकवणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. वाळवण घातलं की कावळे येतात, तसे ते आपोआप येतात. मी तर हाकलणंच सोडलंय!

नाशिकच्या आमच्या कॉलेजात मी बी.कॉम.ला अकाउंट्स शिकवते. ज्यांना रोज वर्गात येणं जमत नाही, त्यांच्यासाठी लेक्चर घरी रेकॉर्ड करून मोबाइलवर पाठवते. ज्यानं त्यानं आपल्या सवडीनं ऐकावं. आमच्या प्राचार्यांना हे मुळीच पटत नाही.

"समोर बसल्याशिवाय विद्या येत नाही, मॅडम!"

"सर, एकलव्य शिकलाच ना? अंगठा मागायला मात्र गुरुजी बरोबर प्रत्यक्ष हजर झाले!"

त्या दिवशी सरांनी मला चहा विचारला नाही.

*

घसाऱ्याचं, म्हणजे डेप्रिसिएशनचं, लेक्चर मी स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलं, कारण बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. मध्येच कुकरची शिट्टी झाली. म्हटलं, राहू दे.

घोटीची संगीता ही माझी विद्यार्थिनी. घरी भातशेती, कडेवर लहान पोर. ती हे लेक्चर ऐकत भाकरी करत होती. शिट्टी ऐकून तिच्या सासूबाई धावत आल्या आणि गॅस बंद करून गेल्या. गॅसवर तवा होता!

"मॅडम, लेक्चर परत लावलं तर आत्याबाईंनी परत गॅस बंद केला," संगीता फोनवर सांगत होती. "भाकरी कच्ची राह्यली, पण घसारा पक्का झाला बघा!"

*

परीक्षेला ती कॉलेजात आली, तेव्हा आमची पहिल्यांदा समोरासमोर भेट झाली. मी कौतुकानं बोलायला लागले, तर ही काळजीनं माझ्याकडे बघत राहिली.

"मॅडम, तब्येत बरी नाय का? लय हळू बोलताय."

बाईसाहेब वर्षभर मला दुप्पट वेगानं ऐकत होत्या! पण तिला तरी वेळ कुठला? आवणीच्या दिवसांत भाताची रोपं लावताना ती मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचते आणि मला ऐकते. चिखलात उभं राहून ताळेबंद शिकणाऱ्या बाईला कुणी शिस्त शिकवायला आलं की माझं डोकंच फिरतं.

*

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. शंका आली की विचारायला समोर कुणी नसतं, हे खरं दुखणं आहे.

नांदगावला किराणा दुकान चालवणारे भाऊसाहेब माझ्याच वयाचे, पण विद्यार्थी. त्यांनी एकदा शंका पाठवली. माझ्या घरात लग्न होतं. पाहुणे गेल्यावर मी सविस्तर उत्तर रेकॉर्ड करून पाठवलं. लगेच त्यांचा निरोप आला.

"मॅडम, उत्तर एक नंबर हाय. प्रश्न काय होता?"

हसले, पण मनाला लागलंही. प्राचार्यांना आयताच मुद्दा मिळाला. मात्र वर्गात पहिल्या बाकावर पोरं घोरतात, तेव्हा वर्ग बंद करायला कुणी निघत नाही!

*

शेवटी सरांनी रेकॉर्डिंगवर शिकणाऱ्या सगळ्यांना रविवारी हॉलमध्ये बोलावलं. निर्णय जाहीर होणार होता, आणि तो काय असणार हे शिपायालासुद्धा माहीत होतं. संगीताचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. रेकॉर्डिंग बंद झालं तर तिचं शिक्षण तिथंच संपणार होतं. पोर टाकून रोज घोटीहून येणार कशी? मी रागानं धुमसत बसले होते.

सर उभे राहिले. "शिक्षण म्हणजे ठरल्या वेळी, ठरल्या जागी! म्हणून यापुढे हे रेकॉर्डिंग..."

तेवढ्यात बाहेर सासूबाईंपाशी असलेल्या संगीताच्या पोरानं भोकाड पसरलं. संगीता उठली.

"सर, तिथंच थांबा जरा. मी आलेच."

आणि गेली!

सर पाणी प्यायले. मागून भाऊसाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "थांबा सर, तिला येऊ द्या. आम्ही बी असंच करतो."

पोराला पाजून, कडेवर घेऊन संगीता आली. जागेवर नीट बसली, पदर सारखा केला.

"हां सर, बोला. 'यापुढे हे रेकॉर्डिंग' इथवर झालं होतं."

सरांनी तिच्याकडे बघितलं, मग पोराकडे बघितलं.

"...चालू राहील," म्हणाले.