लाकडाचा वाटा

करीमुद्दीन वकील गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कळमनुरीच्या बाजारात करडई बघत होतो. दाणा दाताखाली फोडून बघायची माझी जुनी सवय. एक दाणा फोडला, तेवढ्यात आमच्या हिंगोलीचा ओळखीचा बांगडीवाला समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चाचा, वकीलसाब गुजर गये. पहाटेच." तो दाणा मी थुंकायचा, तो गिळला. व्यापाऱ्याला म्हटलं, आज घेत नाही. मिळेल त्या जीपमध्ये बसलो आणि मातीच्या आधी पोचलो, एवढं माझं नशीब चांगलं. त्याला आता पाच आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीत त्यांच्यावर दोघा-तिघा शिकलेल्या माणसांनी लिहिलं. त्यांच्या उर्दूवर लिहिलं, त्यांच्या शिस्तीवर लिहिलं. चांगलंच लिहिलं, मी नातवाकडून दोनदा वाचून घेतलं. पण घाण्याच्या मुकदम्याबद्दल एकानंही लिहिलं नाही. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत असणारा मीच एक उरलो आहे. माझं शिक्षण दोन बुकांचं. तरी हे दुसऱ्याकडून लिहून घेणार नाही असं ठरवलं आणि स्वतःच लिहून राहिलो.

ते दिवस निजामाच्या राज्याचे आणि तिकडच्या मोठ्या लढाईचे. लढाई कुठं होती ते आम्हाला माहीत नव्हतं, पण तिचा कंट्रोल आमच्या दारात आला. कापड कंट्रोलचं, रॉकेल कंट्रोलचं, मग तेलाची पाळी आली. आमचा पिढीजात धंदा तेलघाण्याचा. बाभळीच्या लाकडाचं उखळ, त्यात दाणा चिरडणारी लाकडाचीच लाट, आणि ती फिरवायला डोळ्यांना झापडं बांधलेला बैल. हुकूम असा निघाला की करडई फक्त सरकारी कोठारातून घ्यायची, तेल सरकारच्या दरानं सरकारी दुकानातच घालायचं, आणि मणामागं अमुक शेर तेल भरून द्यायचंच. दराचं दुःख झालं, पण ते गिळलं. खरी फाशी त्या मणामागच्या तेलात होती. तो आकडा कोण्या साहेबानं लोखंडी यंत्राच्या गिरणीवरून काढला होता. लाकडाच्या घाण्याला तेवढं तेल सात जन्मांत निघत नाही. जे कमी पडेल ते काळ्या बाजारात विकलं, असा त्यांचा हिशेब.

बाकीचे घाणेवाले हात जोडून आले, कोणी कोणाकोणाला भेटून आले. मी गेलो नाही. मी कंट्रोलच्या इन्स्पेक्टरला तोंडावर सांगितलं, की तुमचा साहेब एक दिवस माझ्या बैलाच्या जागी फिरू द्या, मग आकडा लिहा. दुसऱ्या दिवशी माझ्या घाण्याला लाखेचं सील लागलं. परवाना रद्द करायची नोटीसही आली. परवाना गेला असता तर घाणा म्हणजे नुसतं जळण. आजोबांनी कोरलेला घाणा होता तो.

करीमुद्दीन वकिलांचं नाव ऐकून होतो. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, तेव्हा ऐन तारुण्यात. त्यांच्या बैठकीत एक सागवानी मेज होतं, इतकं कोरडं की त्याच्या फटीत कागद अडकायचे. नोटीस वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "विठोबा, सरकारला दर ठरवायचा हक्क आहे. माल कुठं द्यायचा हेही ते सांगू शकतात. त्यावर मी भांडलो तर पहिल्याच पेशीत हरतो."

"मग कशावर भांडता?"

"हुकूम म्हणतो घाण्यातून इतकं तेल निघतं. हे हक्काचं न्हाई, हे खरं-खोट्याचं आहे. जे होतच न्हाई ते करा असा हुकूम कोणालाच देता येत न्हाई. निजाम सरकारलासुद्धा न्हाई." दाराकडं एकदा बघून घेऊन ते पुढं म्हणाले, "हे शेवटचं वाक्य बाहेर बोलू नका."

त्यांनी अर्ज दिला की अदालतीनं स्वतः येऊन घाणा चालवून बघावा. मुन्सिफसाहेबांनी तो मंजूर केला. आणि इथं मी ती करणी केली... मुन्सिफासारखा माणूस माझ्या छपरात येणार, आणि घाणा तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलानं काळाकुट्ट, चिकट. सील काढायला अदालतीचा नाजर एक दिवस आधी येऊन गेला होता. तो गेला तसा मी राख घेतली, कढत पाणी घेतलं आणि काथ्यानं घाणा आतून-बाहेरून घासून काढला. दिवसभर ऊन दिलं. बाभळीचा मूळचा तांबूस रंग मी जन्मात पहिल्यांदा बघितला. घरची दारात उभी राहून म्हणाली, "अवं, घाण्याला कोणी न्हाऊ घालतं का?"

"तू तुझी चूल बघ," मी म्हटलं.

घाण्याला पाणी दाखवायचं नसतं, हे आमच्याकडं लहान लेकराला माहीत असतं. नवा घाणा केला तर महिनाभर त्याला नुसतं तेल पाजतात, तेव्हा तो माणसांत येतो. मला माहीत नव्हतं असं नाही. पण इज्जतीनं डोळ्यांना झापडं बांधली होती.

मुन्सिफसाहेब आले, बाजेवर बसले. नाजरनं करडई जोखून दिली. बैल फिरला. आणि तेल निघालं ते इतकं थोडं, की इन्स्पेक्टरनं भांडं तिरपं करून मुन्सिफांना दाखवलं आणि म्हणाला, "हुजूर, ये तो बिल्ली भी नहीं पियेगी. उरलेलं तेल यांनी घाण्याच्या पोटात लपवलं काय?" सगळे हसले. वकीलसाब हसले नाहीत. मंडळी गेल्यावर त्यांनी उखळात बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"विठोबा, राखेचा वास काहून येऊन राहिला?"

"चुलीचा असंल साहेब."

आतून घरचीचा आवाज आला, "सांगता, का मी सांगू?"

मग सांगितलं. मला वाटलं आता कागद तोंडावर फेकून जातील. ते घाण्याकडं तोंड करून उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "भाभी, चहा टाका. यानं मुकदमा बुडवला का तारला, ते मला जरा बघू द्या." चहा संपला तसं मला म्हणाले, "उद्या अदालतीत हेच सांगायचं. मी न्हाई, तुमी. तुमच्या तोंडानं."

"सगळी घाणेवाली मंडळी येणार आहे साहेब. जन्मभर हसतील."

"हसू द्या. घाणा वाचला तर हसणं विसरतील. गेला तर त्यांचेही घाणे जातील, मग कोण हसणार?"

त्या दिवशी जेवलो नाही. जिथं जातभाई उभे आहेत तिथं 'चुकलो' म्हणायचं, यापेक्षा सील परवडलं असं वाटलं. वकीलसाबांना नाही म्हणायला सकाळी निघालोही होतो. त्यांच्या दारात गेलो तर ते माझ्याआधीच कोट घालून उभे. म्हणाले, "चला, तुमचीच वाट बघून राहिलो होतो." मला बोलायला जागाच ठेवली नाही.

अदालतीत त्यांनी मला विचारलं, घाणा धुतला काय? धुतला म्हटलं. मागून हसण्याची लाट आली. काहून धुतला? "मुन्सिफसाहेब येणार म्हणून. घरी मोठं माणूस येणार असलं की आमी सारवतो, तसंच." तेव्हा मुन्सिफसाहेबांच्या मिशीत पहिल्यांदा काही हललं. धुतल्यानं काय होतं? "लाकूड कोरडं पडतं हुजूर. मग ते आधी आपला वाटा पितं, मग माणसाला देतं."

वकीलसाब वळून म्हणाले, "हुजूर, माझ्या अशिलानं आमचा सगळा मुकदमा एका वाक्यात सांगितला. हुकूम लोखंडाचा आहे आणि घाणा लाकडाचा. इन्स्पेक्टरसाहेब म्हणतात तेल लपवलं. ठीक. सरकारनं रोज आपल्या माणसासमोर हाच घाणा चालवावा, रात्री सील लावावं. बघू कोण लपवतो, माणूस का लाकूड."

तसंच झालं. नाजर रोज आला. दुसऱ्या दिवशी तेल थोडं वाढलं, तिसऱ्या दिवशी आणखी. घाणा परत काळा पडत गेला, तसं तेल वर चढत गेलं, आणि एका जागी येऊन थांबलं. मग किती दिवस चालवा, तिथंच. हुकमातल्या आकड्याच्या पुष्कळ खाली. शेवटच्या दिवशी वकीलसाबांनी नाजरच्या मुठीत पेंड दिली आणि दाबायला सांगितली. बोटांतून तेल सुटलं. यंत्र पेंडीला कोरडी करून सोडतं, घाणा म्हशीसाठी काही ठेवतो, हे त्यांनी मुन्सिफांना समजावलं. मी घाणा धुतला नसता आणि पहिल्याच दिवशी नेहमीचं तेल निघालं असतं, तर बाकीचं लपवलं असंच सगळे म्हणाले असते. रोज वाढत जाऊन एका जागी थांबलेलं तेल डोळ्यांनी दिसलं म्हणून अदालतीला पटलं.

दर तोच राहिला, कोठारही तेच राहिलं. पण यंत्राचा आकडा लाकडी घाण्याला लावू नये असा निकाल झाला आणि सील तुटलं. खात्यानं वर अपील केलं. वकीलसाब रेल्वेनं दोनदा हैदराबादला जाऊन आले, तिथंही निकाल टिकला. माझ्यासोबत सगळ्यांचे घाणे वाचले. हसायचं मात्र कोणी सोडलं नाही. अजून लग्नकार्यात मला कोणी ना कोणी विचारतंच, "काय तात्या, घाणा न्हाला का?"

फीचं विचारायला गेलो तर त्यांनी मेजावर थाप मारली. "हे लाकूडही कोरडं पडलंय विठोबा. दर ईदला याला थोडं पाजत जा. तीच फी." मी ते अक्षरशः धरलं. दर ईदला घाण्याचं ताजं करडईचं तेल आणि फडकं घेऊन जायचं, मेज चोळायचं, शिरखुर्मा खायचा. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शननंतर त्यांचे बरेच नातेवाईक भीतीनं घरं सोडून गेले. मी बैल सोडून त्यांच्या ओसरीवर चार दिवस बसून राहिलो. काही केलं नाही, नुसता बसलो. जाणाऱ्या-येणाऱ्यानं मला बघावं एवढंच. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "घाणा बंद ठेवून इथं काय करून राहिलात?" मी म्हटलं, "मेजाला तेल मुरायचं आहे." ते उठले. आत जाऊन दोन कप चहा घेऊन आले आणि माझ्याशेजारी ओसरीवर बसले...

आता माझा पोरगा विजेवरचं लोखंडी यंत्र चालवतो. बैल नाही. पण छपरातला घाणा मी मोडू दिला नाही. ईदच्या आधी कोणाचा तरी बैल मागून आणतो आणि त्या मेजापुरतं तेल काढतो. यंदाची ईद त्यांच्याशिवाय आली. जावं का नको, असं झालं. गेलो. त्यांच्या सुनेनं दार उघडलं, माझ्या हातातली बाटली बघितली आणि बैठकीच्या खिडक्या उघडून दिल्या. मेजावरचे कागद बाजूला केले. मी फडकं भिजवलं आणि एका कडेपासून चोळत गेलो. नेहमीसारखं लाकूड पीत गेलं. मधोमध आलो, जिथं वाचताना त्यांचं कोपर टेकायचं, तिथं तेल तसंच वर राहिलं. मी थोडा थांबलो, पुन्हा चोळलं. मुरलं नाही. तेवढी जागा भरलेली आहे.