निळ्या झाडांचा बोर्ड

मशीनकाकांना लोकांसारखी किळस यायची नाही. उकिरडा, तुंबलेली नाली, मळीचा वास यांचं त्यांना काही वाटत नसे. अंकुशनगरला राहणाऱ्याला मळीचा वास खुपला तर त्यानं जायचं कुठे? काकांना किळस यायची ती 'भागतंय की' या शब्दांची. ढिला बसवलेला स्क्रू, नुसती पिळून वर चिकटपट्टी मारलेली तार, पाणी घालून वाढवलेला चहा. असं काही दिसलं की त्यांचं नाक वर चढायचं, खालचा ओठ बाहेर यायचा आणि मान फिरवून ते म्हणायचे, "छी! हे कोणी करून ठेवलं?" बहुतेक वेळा करणारा समोरच उभा असायचा.

काका आमच्या शेजारी दोन खोल्यांत एकटे राहायचे. पूर्वी ते साखर कारखान्यात वायरमन होते आणि वसाहतीबाहेर पत्र्याच्या टपरीत त्यांची व्हिडिओ गेमची दोन मशीनं होती. उभी लाकडी पेटी, वर काचेचा मॉनिटर, खाली दांडा आणि बटणं, आत खेळाचा बोर्ड, म्हणजे चिप बसवलेली पाटी. माझे बाबा उसाच्या ट्रॅक्टरवर होते. ते सांगतात, हंगामात त्या टपरीत उभं राहायला जागा मिळायची नाही. मी कळती झाले तोवर टपरी गेली होती आणि पेट्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. उरले होते ते बोर्ड. अकरा बोर्ड, एका ट्रंकेत, प्रत्येक वेगळ्या सुती कापडात गुंडाळलेला. रोज दुपारी काका त्यातला एक काढून जुन्या मॉनिटरला आणि पेटीतून काढून ठेवलेल्या दांड्याला जोडायचे आणि अर्धा तास खेळायचे. "देवाला कोंडून ठेवलं तर तो बी रुसतो," असं म्हणायचे.

त्यांचा आवडता खेळ जंगलातून पळणाऱ्या एका गड्याचा होता. त्यातली झाडं निळी होती. मला आधी वाटलं, खेळच तसा असेल. मग काकांनी सांगितलं. एका खंडेनवमीला ते कामावर असताना काकूंनी बोर्डांची पूजा केली. हत्यारांना लावतात तसं या बोर्डालाही ओलं हळदीकुंकू लावलं, तेही नेमकं एका चिपच्या पायांवर. काकांनी संध्याकाळी न बघताच मशीन चालू केलं. चिपचा एक पाय गेला आणि तेव्हापासून जंगल निळं झालं. "दुरुस्त का नाही केलं?" मी एकदा विचारलं. ज्या माणसाला वाकडा स्क्रू सोसत नव्हता, तो म्हणाला, "तिनं रंग दिलाय तो. राहू दे." तेव्हा काकूंना जाऊन चार वर्षं झाली होती.

मी एसटीनं रोज जाऊन-येऊन जालन्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा काकांचा जुना मॉनिटर जळाला. तसा मॉनिटर आता कुठे मिळत नाही. त्याच महिन्यात त्यांचा मुलगा प्रमोददादा त्यांना शहरात न्यायला आला. येताना त्यानं वडिलांसाठी चपटा टीव्ही आणला होता. ट्रंकेकडे बघून तो म्हणाला, "बाबा, तिथं दीड खोली हाय. हे जुनाट चालत असलं तर एक येळ न्हेऊ. न्हाई तर पुढच्या रविवारी भंगारात."

काका माझ्याकडे वळले. "तू शिकून राह्यली ना हेच? लाव मंग ह्या चपट्याला."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. मला नाही म्हणता आलं नाही. मी कन्व्हर्टर मागवला. जुन्या बोर्डाचा सिग्नल नव्या टीव्हीला कळेल असा करून देणारं ते लहानसं कार्ड असतं. बोर्डातून रंगांच्या तीन तारा येतात आणि चौथी चित्राला जागेवर धरून ठेवते. काका तिला तालाची तार म्हणायचे. निळ्या झाडांच्या बोर्डाच्या चारही तारा मी जोडल्या, संगणकाच्या जुन्या सप्लायवरून वीज दिली. टीव्हीवर निळंजांभळं काहीतरी सरकत वर गेलं, पुन्हा खालून आलं, पुन्हा वर गेलं. तीन दिवस मी कॉलेजातून आल्यावर तेच बघत होते. शनिवारी म्हणाले, "काका, बोर्डच गेला असेल."

"बोर्ड गेलेला न्हाई," ते म्हणाले. "ताल चुकून राह्यलाय कुठं तरी."

ते नाक चढवून बोलले असते तर बरं वाटलं असतं. पण ते विनवल्यासारखं बोलले. आणि मग मी जे केलं त्याची मला अजून शिसारी येते.

माझ्या वर्गातल्या मुलीकडे एक डबी होती. टीव्हीला लावली की शेकडो जुने खेळ चालतात. त्यात जंगलातला गडीही होता. रविवारी सकाळी काका अंघोळीला गेले तेव्हा मी ती डबी बोर्डाच्या खाली, कापडाच्या घडीत लपवली आणि दांडा तिला जोडला. बोर्डाला नुसती वीज दिली, म्हणजे त्याचा लाल दिवा लागेल. मला वाटलं, दादा बघेल, ट्रंक वाचेल, पुढचं पुढे.

टेम्पो घेऊन आलेल्या दादानं बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला. "अरे वा! चालून राह्यलं की, बाबा!"

काका पाटावर बसले. दांडा धरला. गडी पळाला, एक खड्डा ओलांडला आणि जंगलात शिरला. काकांचा हात थांबला.

"झाडं हिरवी हाईत," ते म्हणाले.

"मंग? झाडं हिरवीच राहत्यात ना!" दादा हसला.

काका हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नाक वर चढलं, ओठ बाहेर आला. तो चेहरा मी शंभर वेळा बघितला होता, पाणचट चहासाठी, चिकटपट्टीसाठी. माझ्यासाठी कधी बघितला नव्हता. पण 'छी' ते म्हणाले नाहीत. दादासमोर माझी चोरी उघडी केली नाही. दांडा खाली ठेवला आणि म्हणाले, "हे चालत न्हाई. बोलव भंगारवाल्याला."

"आता तं चालून राह्यलं व्हतं!"

"मी सांगून राह्यलो ना, चालत न्हाई."

दादानं कपाळाला हात लावला आणि फोन काढला.

गाडा दारात आला तेव्हा काकांनी मला त्यानंतर पहिल्यांदा हाक मारली. "तुझ्याकडं खोडरबर हाय का?" मी दप्तरातून आणून दिलं. ते उंबऱ्यात बसले आणि एकेका बोर्डाच्या कडेचे, तारा जोडायचे सोनेरी दात खोडरबरानं घासायला लागले. भंगारवाला ताटकळला. "चाचा, जल्दी करा ना. वितळवायचंच हाय ते."

"वितळव. पर अंघोळ घातल्याबिगर कोणी न्हेतं का?"

दहा बोर्ड चकचकीत होऊन गाड्यावर गेले. अकरावा, निळ्या झाडांचा, त्यांनी कापडात गुंडाळला आणि माझ्या मांडीवर टाकला. दिला नाही, टाकला. "ह्यो गेलाय म्हनली ना तू? कुठं गेलाय ते हुडक." मी काही बोलायच्या आत ते आत निघून गेले. दुपारी टेम्पो गेला. जाताना त्यांनी बाबांना हात केला, आईला केला. मला केला नाही.

वर्षभर मी त्या बोर्डाला हात लावला नाही. कापड बघितलं तरी स्वतःचीच घाण वाटायची. तिसऱ्या वर्षाला लॅबमध्ये सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप हाताळायला मिळाला तेव्हा एक दिवस धीर करून बोर्ड पिशवीत घालून नेला. तालाच्या तारेवर ऑसिलोस्कोपची सुई, म्हणजे प्रोब, लावला. पडद्यावरची लहर कन्व्हर्टरला झेपेल त्याच्या कितीतरी पट उंच होती. बोर्ड ओरडून ताल देत होता आणि कन्व्हर्टर बहिरा झाला होता, एवढंच. त्या तारेत मी लहर दाबणारा एक छोटा रेझिस्टर घातला. घरी येऊन बोर्डाला नवी बटणं जोडली आणि आमचा टीव्ही लावला. चित्र थरथरलं आणि उभं राहिलं. जंगल निळंच होतं.

मी काकांना फोन केला. किती तरी वेळ नुसती "हॅलो, हॅलो" करत होते. शेवटी म्हणाले, "काका, बोर्ड गेलाच नव्हता. तालाची तार माझीच चुकली होती. आणि त्या दिवशी मी..."

"माहीत हाय मला," ते म्हणाले. "झाडं?"

"निळी."

पलीकडून पाट ओढल्याचा आवाज आला.

"अन् उडी? बटन दाबलं का लगेच मारतो?"

मी फोन खांद्याशी धरला आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. फोनवरून त्यांना काही दिसणार नव्हतं.

"नाही काका. जराशी उशिरा मारतो. कन्व्हर्टर चित्र बनवायला वेळ घेतो."

"मंग अजून झालेलं न्हाई," ते म्हणाले. "झालं की सांग. मी येतो खेळायला."

मी सप्लाय बंद केला आणि कन्व्हर्टरचे स्क्रू काढायला घेतले.